भाड्याच्या बंदुका आणि खलाशाचा हिशेब

मुंबई बंदराच्या हद्दीत यलो गेट पोलीस ठाणं आहे. एरवी गोदीतल्या चोऱ्यामाऱ्या आणि तस्करीची प्रकरणं हाताळणारं. पण समुद्री चाचे इतक्या संख्येने दप्तरी नोंदवणारी पोलीस ठाणी जगात फार थोडी असतील. २०११ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने अरबी समुद्रात चार कारवाया केल्या. पहिल्या कारवाईत १५, दुसरीत २८, तिसरीत ६१ आणि चौथीत १६ असे १२० जण, बहुतेक सोमाली, धरून मुंबईत आणले. खटले रेंगाळत चालले, २०१७ मध्ये सात-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या. तोवर साडेसहा वर्षं कच्चे कैदी म्हणून कोठडीत गेलीच होती. पुढे मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ हे चाच्यांच्या ताब्यातलं मालवाहू जहाज भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘आयएनएस कोलकाता’ने गाठलं. मरीन कमांडो विमानातून समुद्रात उतरले, चाळीस तासांच्या कारवाईनंतर १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे शरण आले. त्यांचीही वरात यलो गेटलाच आली.

मी राज्यशास्त्र शिकवते. चाचे, भाडोत्री सैनिक आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा हा माझ्या वाचनाचा विषय. या विषयावर जगभर उत्तम संशोधन झालं आहे, त्यातलं काही मी पुन्हा पुन्हा वाचते, मुलांना वाचायला लावते. तरी एक गोष्ट मला सारखी खटकते. जहाजं मोजली गेली, खंडणी मोजली गेली, हल्ले महिन्यावार मोजले गेले. जहाजावरचा माणूस मात्र बहुतेक ठिकाणी तळटीपेत आहे. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, जहाजावर बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम होता, आमच्या रत्नागिरीकडच्या गावात घरटी एक माणूस जहाजावर. त्यामुळे असेल, पण ती तळटीप मला मुख्य मजकुराच्या वर दिसते.

आधी अभ्यासकांनी काय सांगितलं ते पाहू. राज्यसंस्था म्हणजे हिंसेचा कायदेशीर मक्ता, ही जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची मांडणी राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण तो मक्ता राज्यांकडे जन्मजात होता, असं समजण्याचं कारण नाही. जॅनिस थॉमसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९४ साली दाखवून दिलं की काही शतकं युरोपातले राजे स्वतःच लुटीचे परवाने वाटत होते, सैनिक भाड्याने देत-घेत होते, व्यापारी कंपन्यांना फौजा बाळगू देत होते. ईस्ट इंडिया कंपनी आपल्याला वेगळी सांगायला नको. हे सगळं मागाहून बंद झालं, त्यामागे राजांचा चांगुलपणा नव्हता. परवाना देऊन सोडलेली माणसं परस्पर भलतीच भांडणं ओढवून आणत आणि त्याचा जाब राजालाच द्यावा लागे. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने लुटीचे परवाने मोडीत निघाले. अमेरिकेने तेव्हा सही केली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कॅप्टन किडचं उदाहरण तर आपल्याच समुद्रातलं. १६९६ मध्ये तो इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन चाच्यांच्या बंदोबस्ताला निघाला, त्याच्या मोहिमेत विलायतेतल्या बड्या सरदारांचा पैसा होता. जानेवारी १६९८ मध्ये त्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हे जहाज लुटलं. औरंगजेबाच्या दरबारातून जाब आला तो सुरतेच्या इंग्रज वखारीला. पाठीराख्यांनी हात वर केले आणि १७०१ मध्ये किड लंडनला फासावर गेला. परवाना कोणी दिला, पैसा कोणी घातला, त्रास कोणाला झाला आणि फास कोणाच्या गळ्यात पडला, हे चार प्रश्न एकत्र ठेवले की या विषयाचं अर्धं पुस्तक उघडतं.

मराठी वर्गात हे शिकवताना मुलं कान्होजी आंग्र्यांचं नाव काढतातच, आणि काढायलाच हवं. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. त्याच इंग्रजांनी १७१३ मध्ये त्यांच्याशी तह केला, मग तो मोडून खांदेरी, विजयदुर्ग, कुलाबा यांवर एकामागून एक मोहिमा काढल्या आणि प्रत्येक वेळी मार खाल्ला. आज मुंबईत नौदलाचा तळ ‘आयएनएस आंग्रे’ या नावाने उभा आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, मलाही वाटतो. पण आंग्र्यांच्या दस्तकाकडे, म्हणजे समुद्रात फिरण्याच्या परवान्याकडे, नीट पाहिलं पाहिजे. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताने पैसे भरून दस्तक घ्यायचं, नाहीतर आरमाराची गाठ पडणार. पोर्तुगीजही आपल्या परवान्यासाठी हेच करत होते आणि इंग्रजांना हवं होतं तेही हेच, फक्त स्वतःच्या शिक्क्याने. आंग्र्यांच्या बाबतीत दस्तक देणारा कुठे सापडेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. भांडायचं तर कुलाब्याला यावं लागे, बोलणी करायची तर साताऱ्याच्या छत्रपतींचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, समोर बसे. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या जोडीने कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्यावर चाल केली, विजयदुर्गाखाली आरमार जळून खाक झालं आणि पश्चिम किनाऱ्यावरचा तो पत्ताच पुसला गेला. आपल्या इतिहासातली ही चूक मला पानिपताइतकीच मोठी वाटते.

आता सोमालिया. १९९१ मध्ये तिथलं केंद्र सरकार कोसळलं. किनाऱ्यावर पहारा राहिला नाही, परदेशी ट्रॉलर मासळी ओरबाडून नेऊ लागले. हाती बंदुका घेतलेल्या काही टोळ्या स्वतःला किनाऱ्याचे रक्षक म्हणवू लागल्या. म्हणवण्यापुरतं त्यात तथ्य होतं, पण धंदा लवकरच वेगळा झाला. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासानुसार एप्रिल २००५ ते डिसेंबर २०१२ या काळात ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी दिली गेली. तिच्यातला सर्वांत मोठा वाटा पैसे लावणाऱ्या सावकारांचा, खंडणीच्या तीस ते पन्नास टक्के. होडीत बसून जीव धोक्यात घालणाऱ्या पोराला एका जहाजामागे तीस ते पंचाहत्तर हजार डॉलर. त्यातूनही जहाजावरच्या मुक्कामात उधारीवर खाल्लेला खात, म्हणजे तिथला नशेचा पाला, आणि जेवणखाण वजा व्हायचं.

अॅन्या शॉर्टलंड या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं काम मला फार आवडतं. युद्ध आणि अराजकाच्या मुलखात प्रश्नावल्या घेऊन कोण जाणार? त्यांनी उपग्रहांनी टिपलेली रात्रीची छायाचित्रं घेतली आणि कुठे दिवे वाढले ते पाहिलं. चाच्यांची गावं म्हणून बदनाम झालेल्या एयलसारख्या किनाऱ्यावरच्या वस्त्या जवळपास तशाच अंधारात होत्या. उजेड वाढला होता तो गारोवे आणि बोसासो या शहरांत. पैसा किनाऱ्यावर थांबतच नव्हता. हे वाचलं आणि यलो गेटहून मुंबईजवळच्या तळोजाच्या तुरुंगात गेलेले ते सोमाली डोळ्यांपुढे आले. यलो गेटच्या कोठडीत जो पोहोचतो, तो दिव्यांच्या शहरातला नसतो.

मग बंदुका भाड्याने घेण्याचा काळ आला. सोमाली चाच्यांच्या नावावर २०११ मध्ये २३७ हल्ले नोंदले गेले, २०१२ मध्ये ७५, २०१३ मध्ये फक्त १५. घसरण इतकी तीव्र कशामुळे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. युरोपीय संघ, नाटो, चीन, रशिया आणि २००८ च्या ऑक्टोबरपासून आपलं नौदल गस्त घालत होतं. जहाजं वेग वाढवून, काटेरी तारा लावून जाऊ लागली. आणि जहाजांवर खासगी सशस्त्र रक्षक आले. भारतानेही ऑगस्ट २०११ मध्ये आपल्या जहाजांना त्यांची परवानगी दिली. रक्षक असलेलं एकही जहाज सोमाली चाच्यांना पळवता आलं नाही, असं या धंद्यातले लोक सांगतात आणि मला ते नाकारायचं नाही. चार रक्षकांची तुकडी जहाजावर आहे म्हणून कुणाला झोप लागली असेल, तर ती झोप खरी होती.

दादाला विचारलं तेव्हा तो रक्षकांबद्दल फार बोलला नाही, तारेबद्दल बोलला. गुंडाळीची ब्लेडची तार असते, ती अकॉर्डियनसारखी ओढत न्यायची आणि कठड्याच्या बाहेरच्या अंगाला बांधायची. म्हणजे कमरेला पट्टा अडकवून, कठड्यावरून अर्धं अंग समुद्राच्या बाजूला काढून. चामड्याचे हातमोजे पहिल्याच दिवशी चिरतात. “तार आम्ही लावायची, उतरवायचीही आम्हीच. बंदरात शिरताना ती दिसता कामा नये,” तो म्हणाला. पंपाचे होज दाबाने सोडून ठेवायचे. जुने बॉयलरसूट चिंध्यांनी भरून ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, दोन्ही बाजूंच्या सज्जांवर उभे करायचे, लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून. रात्री बाहेरचे दिवे बंद. सिटाडेल, म्हणजे लपायची सुरक्षित जागा, म्हणून ठरवलेल्या स्टिअरिंग गिअर रूममध्ये पाणी, बिस्किटं, सॅटेलाइट फोन. भोंगा वाजला की सगळ्यांनी तिथे धावायचं आणि आतून लोखंडी दार लावून घ्यायचं. या सगळ्यासाठी चांगल्या कंपन्यांत धोक्याच्या पट्ट्यापुरता बेसिक पगार दुप्पट मिळे आणि नको असेल तर उतरण्याचा हक्कही कागदावर असे. तो हक्क वापरल्यावर पुढचं कॉन्ट्रॅक्ट एजंट देईल का, हे कागदावर नसे.

रक्षकांच्या धंद्याची दुसरी बाजू तुतिकोरिनला दिसली. रक्षकांनी बंदरात बंदुका आणायच्या म्हटलं की प्रत्येक देशाचा कायदा आडवा येतो. त्यावर तोडगा म्हणून भर समुद्रात तरंगती शस्त्रागारं उभी राहिली. अशा कामातलं ‘सीमन गार्ड ओहायो’ हे जहाज ऑक्टोबर २०१३ मध्ये आपल्या तटरक्षक दलाने पकडलं. मालक अमेरिकी कंपनी, झेंडा सिएरा लिओनचा, रक्षक ब्रिटन, एस्टोनिया, युक्रेन आणि भारताचे. जहाजावर ३५ रायफली, हजारो काडतुसं आणि ३५ माणसं. जानेवारी २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. माजी सैनिक म्हणून नोकरीला लागलेल्या आणि चेन्नईच्या तुरुंगात वर्षं घालवलेल्या माणसांनी जाब कोणाला विचारायचा? मालकाला, झेंड्याला, की त्याच्या सेवा घेणाऱ्या जहाज कंपन्यांना? कायद्याच्या भाषेत ही माणसं भाडोत्री सैनिकही नव्हती. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणीतल्या व्याख्येच्या सहा अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि पहिलीच अट सशस्त्र संघर्षात लढण्याची. व्यापारी जहाजावरचा पहारा त्यात बसतच नाही.

सरकारी बंदूक असली की सगळं आलबेल, असंही नाही. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी केरळच्या समुद्रात दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. ते खासगी रक्षक नव्हते, इटलीच्या सरकारी सेवेत होते. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये खटल्याचा अधिकार इटलीला दिला आणि भरपाई ठरवली, २०२१ मध्ये दहा कोटी रुपये जमा झाल्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण संपवलं आणि २०२२ मध्ये इटलीतही ते बंद झालं. त्याआधीची, नोव्हेंबर २००८ ची गोष्ट आपली स्वतःची आहे. ‘आयएनएस तबर’ने एडनच्या आखातात चाच्यांची मदरशिप, म्हणजे छोट्या होड्या सोडणारं मुख्य जहाज, बुडवली म्हणून देशभर जल्लोष झाला. नंतर कळलं, ती चाच्यांनी नुकतीच पळवलेली थाई मासेमारी बोट होती आणि तिचे ओलीस खलाशी आतच होते. नौदलाचं म्हणणं, बोटीवरून गोळीबाराची धमकी आली, हत्यारबंद माणसं दिसत होती. ते खरंही असेल. पण आपल्याकडे त्या खलाशांचा शोक किती जणांनी केला? मला आठवतं ते फक्त कौतुक.

आणि आता ती दोन जहाजं, ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

‘आइसबर्ग-१’ मार्च २०१० मध्ये एडनपासून अगदी थोड्या अंतरावर पळवलं गेलं. २४ खलाशी, त्यांत सहा भारतीय, बाकीचे येमेन, घाना, सुदान, पाकिस्तान, फिलिपिन्सचे. मालकाने हात झटकले. खंडणी द्यायला कोणी नाही, म्हणून चाचे सोडेनात, आणि चाच्यांना पैसे मिळण्याची आशा संपली नव्हती, म्हणून वर्षं सरत गेली. डिसेंबर २०१२ मध्ये पुंटलँड या सोमालियातल्या स्वायत्त प्रांताच्या सागरी पोलीस दलाने वेढा घालून २२ जणांना सोडवलं. हे दल कोणी उभं केलं? संयुक्त अरब अमिरातीच्या पैशाने, खासगी लष्करी कंपन्यांकडून, दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या सैनिकांच्या हातून. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाने त्याच वर्षी या कामावर शस्त्रबंदी मोडल्याचा ठपका ठेवला होता. आमच्या क्षेत्रातल्या परिषदांमध्ये या दलावर गरमागरम चर्चा होतात, आणि ठपका मला पटतोही. पण त्या २२ जणांना पावणेतीन वर्षांत दुसरं कोणी सोडवायला गेलं नव्हतं. भाड्याच्या बंदुकीवर टीका करणाऱ्याने आधी या गोष्टीला उत्तर दिलं पाहिजे, आणि माझ्याकडचं उत्तर अजून अर्धवट आहे.

‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ २८ सप्टेंबर २०१० रोजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पळवलं गेलं. पंधराच्या पंधरा खलाशी भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, ठरल्याप्रमाणे जहाज सुटायला हवं होतं. चाच्यांनी आठ जणांना जहाजासह सोडलं आणि सात जणांना किनाऱ्यावर उतरवून घेतलं. मागणी नवीन होती, भारताने पकडलेले आमचे साथीदार सोडा. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला मोजलेले ते १२० जण. भारत सरकारने देवाणघेवाण नाकारली, आणि कोणत्याही सरकारने तसंच करावं असा सुरक्षा अभ्यासकांचा सल्ला असतो, कारण एकदा बदल्यात माणसं दिली की पुढचं प्रत्येक जहाज धोक्यात. तर्क बिनचूक आहे. ते सात जण ३० ऑक्टोबर २०१४ रोजी सुटले, चार वर्षांहून अधिक काळाने. जहाज तर केव्हाच सुटलं होतं.

त्या चार वर्षांत त्यांच्या घरच्यांना काय काय झालं असेल याचा विचार करताना मला आमच्या काकूचं वागणं आठवतं. दादा त्या पट्ट्यातून जायचा तेवढे दिवस ती बातम्या लावू द्यायची नाही. तो सुखरूप परत येत गेला. ज्यांच्या घरी फोन चाच्यांनीच लावून दिला, बापाला रडायला लावून पोराला ऐकवला, त्यांच्या नोंदी कोणत्या संशोधनात आहेत? काही संस्थांनी ओलिसांच्या हालांवर अहवाल काढले, ते मोलाचे आहेत. पण सुटून आल्यावर पगाराची थकबाकी मिळाली का, पुन्हा जहाजावर घेतलं का, रात्री झोप लागते का, मुलांच्या फिया कोणी भरल्या, हे दहा वर्षांनी जाऊन विचारणारं काम मला सापडत नाही. सोमाली चाचेगिरीमुळे जगाला २०११ मध्ये साडेसहा अब्ज डॉलरहून जास्त भुर्दंड पडला असा अंदाज निघाला. त्या बेरजेत काकूच्या जागरणाला खण नाही.

कायद्याचं तेवढं चांगलं घडलं, तेही सांगते. १९९९ मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे सात हजार टन अॅल्युमिनियम भरलेलं जपानी जहाज इंडोनेशियाजवळ पळवून, नाव बदलून, आपल्या किनाऱ्यासमोरून नेत असताना तटरक्षक दल आणि नौदलाने पाठलाग करून धरलं. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरी नावाचा गुन्हा आपल्या दंडसंहितेत नव्हता, परक्या समुद्रात परक्यांनी केलेल्या लुटीचा खटला कशाच्या आधारे चालवायचा हा पेच होता. तो सुटायला २०२२ चा सागरी चाचेगिरी विरोधी कायदा यावा लागला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो लागू झाला आणि वर्षभराने ‘रुएन’वरचे ३५ जण यलो गेटला आले. या खटल्याचे कागद पुढच्या पिढीचे अभ्यासक बारकाईने वाचतील. त्यांनी त्यात १७ खलाशांचे जबाब आधी वाचावेत असं मला वाटतं.

दरम्यान तांबडा समुद्र आणि एडनच्या आखातात काळ पुन्हा बदलला आहे. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं, तीन खलाशी गेले, २१ जणांना ‘आयएनएस कोलकाता’ने उचललं. क्षेपणास्त्रापुढे काटेरी तार आणि चौघे रक्षक काय करणार? सुरक्षेवरचं नवं लेखन आता ड्रोन, विमा आणि आफ्रिकेला वळसा घालण्याच्या खर्चाकडे वळलं आहे. जहाजावरचा माणूस पुन्हा तळटीपेतच जाईल अशी मला धास्ती वाटते.

म्हणून एक काम मी स्वतः हाती घेतलं आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या खलाशांच्या घरी जाऊन २००८ ते २०१४ च्या आठवणी आणि कागद गोळा करते आहे. तुमच्या घरात कोणी त्या काळात जहाजावर असेल, तर त्याची सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, करारपत्र, एजंटने दिलेली धोक्याच्या पट्ट्याची संमती, पगाराची चिठ्ठी, कंपनीचं पत्र, फोनवर घाईघाईत लिहून घेतलेले आकडे यांतलं काहीही रद्दीत देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा, वर तारीख आणि जहाजाचं नाव लिहा. आणि तो माणूस घरी असेल तर त्याला एकदा बसवून सगळं सांगायला लावा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. तो तार बांधण्यापासून सुरुवात करेल. करू द्या.